आखाड्यावरचा निवारा : बारा प्लायची झोपडी

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर. परतूर, मंठा, घनसावंगी परिसरातील शेतकऱ्यांसाठी)



पेरणी, फवारणी, काढणी यांबद्दल आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज मात्र पिकाबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते पीक राखणाऱ्या माणसाबद्दल. आपल्या आखाड्यावर रात्री जो झोपतो, तो कशाखाली झोपतो, याबद्दल.

पाडव्याला आपण सालगडी ठेवतो. साल किती, ज्वारी किती, धोतरजोडी किती, सगळं ठरतं. पण त्याचं बिऱ्हाड राहणार कुठं, हे कुणी ठरवीत नाही. ‘आहे की छप्पर,’ म्हणून आपण मोकळे होतो. ते छप्पर म्हणजे चार मेढी, वर तुराट्या आणि पाचट, बाजूनं फाटकी ताडपत्री. वैशाखात वावटळ आली की निम्मं उडतं. मृगात गळतं. भिंतीच्या फटीतून विंचू येतो, साप येतो. त्यात लहान लेकरं असतात. मग दिवाळीपर्यंत सालगडी निघून गेला, की आपण म्हणतो माणसं टिकत नाहीत. मंडळी, कोरड्या जागेवर माणूस टिकतो. ओल्या जागेवर जनावरसुद्धा टिकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पक्की खोली बांधायला पैसा कुठून आणायचा? रास्त आहे. म्हणून आज मी एक मधला मार्ग सांगणार आहे. प्लायवूडच्या बारा शीट, थोड्या विटा, पत्र्याच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांत होणारी सहा कोनी झोपडी. गावचा सुतार आणि दोन गडी हाताशी असले, की सामान जमल्यावर काही दिवसांत ती उभी राहते.

हलकं छप्पर का हवं?

आधी एक जुनी आठवण देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमाराला, लातूर आणि त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, किल्लारीकडे, भूकंप झाला. साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. बहुतेक माणसं झोपेत, स्वतःच्याच घराखाली गेली. आपल्याकडचीच ती जुनी घरं. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकडावर टाकलेलं मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी वर मातीचा थर चढवायचा, तो वाढत वाढत जायचा. एक फूट जाडीची माती धरली, तर एका चौरस फुटावर सुमारे ४५ किलो वजन होतं. माळवद उन्हाळ्यात थंड असतं, हे खरं. पण ते पडलं तर खालचा माणूस उठत नाही.

१२ मिलिमीटर जाडीची प्लायची शीट चौरस फुटाला पाऊण किलोसुद्धा भरत नाही. आठ बाय चार फुटांची अख्खी शीट २२-२३ किलोची. दोन माणसं सहज उचलतात. अंगावर पडली तर खरचटेल, हाड मोडेल, पण माणूस गाडला जाणार नाही. हलक्या छपराचा पहिला फायदा हा. पण त्याचा तोटाही आहे. तो म्हणजे वारा. त्याचं पुढं सांगतो.

बारा शीटचा हिशेब

प्लायची शीट बाजारात आठ फूट लांब आणि चार फूट रुंद मिळते. या मापाचा नेमका उपयोग करून, काहीही वाया न घालवता झोपडी कशी करायची, याचा नमुना विनय गुप्ता या गृहस्थांनी २००२ साली मांडला आणि कुणीही वापरावा म्हणून मोकळा ठेवला. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात दरवर्षी एक मोठा मेळा भरतो. तिथं लोक अशा झोपड्या उभारून राहतात. तिथं पाऊस फारसा नाही, म्हणून ते उष्णता अडवणारे हलके बोर्ड चिकटपट्टीनं जोडतात. आपल्याकडं पाऊस आहे, वाळवी आहे, काळी जमीन आहे. म्हणून नमुना तोच घ्यायचा, पण बांधणी आपल्या पद्धतीची करायची.

हिशेब असा. सहा शीट आडव्या उभ्या केल्या, की सहा भिंती झाल्या. प्रत्येक भिंत आठ फूट लांब, चार फूट उंच. उरलेल्या सहा शीट कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या कापायच्या. बारा त्रिकोणी तुकडे होतात. दोन-दोन तुकडे आठ फुटांच्या बाजूला जोडले, की सहा मोठे त्रिकोण होतात. तळाला आठ फूट, उंची आठ फूट. हे सहा त्रिकोण एकमेकांना टेकवले, की आपोआप छप्पर होतं. मधे भिंतीपेक्षा चार फूट उंच. उतार चांगला पडतो, पाणी थांबत नाही. आत जागा मिळते १६६ चौरस फूट. मधे खांब नाही. दोन बाजा, धान्याची कोठी, पेटी आणि मधे चार माणसं बसतील एवढी जागा.

कापताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. सहाही शीट एकाच दिशेनं तिरक्या कापल्या, तर जोडताना निम्मे तुकडे उलटे करावे लागतात आणि प्लायची वाईट बाजू वर येते. म्हणून तीन शीट एका कर्णावर कापा आणि तीन दुसऱ्या कर्णावर. मग डावे-उजवे तुकडे बरोबर जमतात. सुताराला आधी कागदावर कापून दाखवा. कागद फुकट असतो, प्लाय नसतं.

प्लाय कोणतं घ्यावं?

इथं मी स्वतः ठेच खाल्लेली आहे, म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या झोपडीला मी स्वस्तातलं, घरात कपाटाला वापरतात ते प्लाय आणलं. दुकानदारानं फसवलं नाही, मीच विचारलं नाही. वरून रंग दिला, पण कडा तशाच ठेवल्या. मृगाचा पाऊस लागला, कडांनी पाणी प्यालं आणि पोळ्यापर्यंत प्लायला पापडासारखे पापुद्रे सुटले. सालगड्याच्या बायकोनं मला बोट लावून दाखवलं, ‘मालक, भिंत फुगली.’ काय बोलणार?

तेव्हा दुकानात सांगा, पाण्यात टिकणारं, बाहेर वापरायचं प्लाय हवं. शीटवर आय. एस. आय. ची खूण आणि मानकाचा आकडा छापलेला असतो. आय. एस. ७१० हा सागरी प्लायचा आकडा. ते सगळ्यांत चांगलं, पण महाग. १२ मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे सेंट्रिंगचं जुनं प्लाय. स्लॅब टाकणाऱ्या ठेकेदारांकडं वापरलेल्या शीट निघतात. ते प्लाय मुळातच ओल्या काँक्रीटसाठी केलेलं असतं. पण पारखून घ्या. बोटानं टकटक वाजवा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर आत थर सुटलेले आहेत. कडा उलगडलेली, कोपरे तुटलेली शीट घेऊ नका. चिकटलेलं सिमेंट खरवडून काढा.

भावाचा हिशेब सोपा आहे. दुकानदार चौरस फुटाचा भाव सांगतो. एक शीट ३२ चौरस फूट, बारा शीट ३८४ चौरस फूट. भावाला ३८४ नं गुणा. त्यात विटा, पट्ट्या, बोल्ट, रंग आणि सुताराची मजुरी मिळवा. तेवढ्याच जागेचा पत्र्याच्या शेडचा हिशेबही शेजारी मांडा. नवं सागरी प्लाय घेऊन पत्र्यापेक्षा महाग पडत असेल, तर हट्ट करू नका. जुनं चांगलं प्लाय मिळत असेल किंवा झोपडी पुढंमागं हलवायची असेल, तर मात्र ही रीत परवडते.

जागा आणि पाया

काळ्या भारी रानात ओटा घालू नका. ती जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे पाडते. आखाड्याजवळ मुरमाड, बरड, थोडी उंचवट्याची जागा पाहा. नाइलाज असेल तर दीड फूट काळी माती काढून मुरूम भरा आणि पाणी मारून धुमसून घ्या. नाल्याच्या काठाला आणि एकट्या उंच झाडाखाली झोपडी नको.

आखणी अगदी सोपी. मधे एक खुंटी ठोका. आठ फुटांची दोरी घेऊन गोल काढा. त्याच दोरीनं गोलावर एका खुणेपासून दुसरी खूण करत चला. बरोबर सहा खुणा होतात. त्या जोडल्या की सहा कोन तयार. गुण्या नको, गणित नको. फक्त दोरी ताठ ठेवा.

या आखणीवर दगडाचा पाया घेऊन वर नऊ इंची विटेची बुटकी भिंत घाला. जमिनीपासून पावणेतीन फूट. आतला ओटा मुरूम भरून नऊ इंच उंच करा. म्हणजे आतून विटेची भिंत दोन फूट राहते. त्यावर चार फूट प्लाय. कडेला सहा फूट उंची मिळते, मधोमध दहा फूट. या भिंतीला १३०० ते १४०० विटा लागतात. हा खर्च टाळू नका. प्लाय जमिनीला टेकलं, की ओल आणि वाळवी दोन्ही आलीच म्हणून समजा.

वाऱ्याचं बळ

वळवाच्या पावसाआधी सुटणारा वारा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ताशी १०० किलोमीटरचा झोत आला, तर एका चौरस फुटावर चार किलोच्या वर रेटा बसतो. एका भिंतीवरच सव्वाशे किलोच्या पुढं. आणि आपली बारा शीटची सगळी झोपडी भरते पावणेतीनशे किलो. नुसती ठेवलेली असेल, तर ती वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या रानात जाईल.

म्हणून विटेची भिंत घालतानाच लोखंडी पट्ट्या आत पुरा. सहा कोपऱ्यांना सहा आणि प्रत्येक भिंतीच्या मधे एक, अशा बारा पट्ट्या. पट्टी इंचभर रुंद, एक सूत जाड. खालचं टोक वाकवून अगदी तळच्या थराखाली दाबा, वरचं टोक फूटभर बाहेर ठेवा. प्लायची भिंत या पट्टीला बोल्टनं आवळायची. मग वाऱ्याला झोपडी उचलायची तर पाच टनांच्या आसपास वजनाची विटेची भिंतही उचलावी लागेल.

जोडणी

कोपऱ्याच्या जोडाला सहा इंच रुंद जस्ती पत्र्याची पट्टी घ्या. ती मधोमध कोनात वाकवा आणि बाहेरून बसवा. पट्टीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची फीत ठेवा. ट्रॅक्टरची ट्यूब मिळाली तर आणखी चांगलं. फटीतून पाणी येत नाही. नऊ-नऊ इंचांवर नट-बोल्ट लावा आणि दोन्ही बाजूंनी मोठा वायसर घाला. वायसर नसेल तर बोल्टचं डोकं प्लायमधे रुततं आणि पुढं आरपार निघतं. नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नका. प्लाय वाऱ्यानं थरथरतं, खिळे सैल होतात.

छपराच्या त्रिकोणात मधला जो उभा जोड आहे, त्याच्या आतून तीन इंच रुंद लाकडी पट्टी लावा. त्रिकोण एकमेकांना जोडताना झोपडीच्या मधे तात्पुरता बांबू उभा करून टोकं त्यावर टेकवा. सगळे बोल्ट आवळल्यावर बांबू काढा.

दाराबद्दल नीट ऐका. छपराचा भार भिंतींना बाहेर ढकलतो. सहा भिंतींच्या वरच्या कडा एकमेकींना धरून असतात म्हणून छप्पर बसत नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव असते, तशी ही कड. दारासाठी भिंत वरपर्यंत कापली, की धाव तुटली. म्हणून दाराच्या वर पाच इंच प्लाय शिल्लक ठेवा आणि आतून जाड लाकडी पट्टी मारा. दार साडेपाच फुटांपेक्षा थोडं उंच होतं. शिरताना मान किंचित वाकवावी लागेल, चालेल. दार पूर्वेला ठेवा, म्हणजे पश्चिमेचा पाऊस आत येणार नाही. आणि दार बाहेर उघडणारं करा. का, ते पुढं येतं.

समोरासमोरच्या भिंतींत दोन खिडक्या ठेवा. छपराचं टोक सहा इंच कापून वर पत्र्याची उचललेली टोपी बसवा आणि खाली जाळी लावा. गरम हवा वरून निघून जाते.

रंग, ऊन आणि वाळवी

सगळी भोकं पाडून झाल्यावर, उभारणीच्या आधी प्रत्येक शीटच्या चारी कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू जवसाच्या तेलानं दोनदा भिजवा. वाळू द्या. मग प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात, आतून-बाहेरून. दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पुन्हा एक हात. घराला जसं सारवण, तसं प्लायला रंग.

छपराला वरून पांढरा रंगच द्या. वैशाखात आपल्याकडं पारा ४२ अंशांच्या पुढं जातो. पांढरं छप्पर ऊन परतवतं. त्यावर फूटभर अंतर सोडून शेडनेटचा मांडव घातला तर आणखी फरक पडतो. पण तुराट्या-पाचट छपरावर टाकू नका. त्यानं आग लागते आणि उंदीर येतात.

भिंतीच्या पायाशी दर पंधरवड्याला एक फेरी मारा. वाळवीची मातीची नळी दिसली की मोडून टाका. औषध लागलं तर कृषी खात्याच्या माणसाला विचारूनच वापरा. नवं प्लाय आणलं, की आठ-दहा दिवस दारं-खिडक्या उघडी ठेवून वास जाऊ द्या. मगच बिऱ्हाड आणा.

आग आणि वीज

बंधूंनो, हे सगळ्यांत महत्त्वाचं. प्लाय म्हणजे लाकूड. चूल आत मांडायची नाही. थंडीतसुद्धा नाही. शेगडीसुद्धा नाही. स्वयंपाकासाठी दहा-बारा हात दूर, वाऱ्याची दिशा पाहून वेगळा आडोसा करून द्या. नुसतं ‘आत चूल लावू नका’ असं सांगून चालत नाही. भर पावसात बाईनं भाकरी कुठं थापायची, याची सोय मालकानं आधी करावी. नाही केली, तर चूल आत येणारच आणि दोष त्या बाईचा नाही. कापलेले प्लायचे तुकडे चुलीत घालू नका. त्यातल्या डिंकाचा धूर वाईट असतो. आगीच्या वेळी आतल्या माणसाला दार धक्का देऊन उघडता यावं, म्हणून ते बाहेर उघडणारं करायचं. फवारणीची औषधं आणि रॉकेल-पेट्रोल झोपायच्या जागेत ठेवू नका.

आणि वीज. मराठवाड्यात दर पावसाळ्यात वीज पडून माणसं जातात. ही झोपडी पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. आभाळ गडगडू लागलं तर जवळच्या पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाईलवरचं साधन जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. ते सालगड्याच्या फोनमधे घालून द्या आणि कसं पाहायचं ते शिकवा.

कोयता घेऊन जाणाऱ्यांसाठी

आपल्या परतूर-मंठा-घनसावंगी भागातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत बिऱ्हाडं राहतात. वाकून आत शिरायचं, वाकूनच बाहेर यायचं. हीच झोपडी विटांशिवाय, चार फुटी भिंतीची केली, तर मधे आठ फूट उंची राहते, माणूस ताठ उभा राहतो. बोल्ट सोडले की सगळ्या शीट एकावर एक रचून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जातात. तिथं पोचल्यावर मुरमाचा वीतभर ओटा घालून, खाली दगड लावून, बारा मेखांना तारेनं ताणून बांधायची. पट्टा पडला की परत आणायची. हा खर्च एकट्या मजुराला झेपणारा नाही. मुकादमांनी, कारखान्यांनी आणि बचतगटांनी यावर विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

थोडक्यात सांगायचं तर

बाहेर वापरायचं प्लाय घ्या. कडा तेलानं भिजवा. मुरमाड जागा निवडा. प्लाय जमिनीला लावू नका. बारा पट्ट्यांनी बांधून घ्या. दाराच्या वरची कड तोडू नका. चूल बाहेर आणि दारही बाहेर उघडणारं.

रंगरंगोटी सांभाळली तर ही झोपडी काही वर्षं साथ देईल. ती पक्क्या घराची जागा घेणार नाही, असा माझा दावाही नाही. पक्कं घर होईपर्यंत लेकरं कोरड्या जागेवर झोपावीत, एवढंच.

आमच्या आखाड्यावर दुसरी झोपडी झाली, त्या वर्षीच्या पहिल्या पावसात मी रात्री बॅटरी घेऊन पाहायला गेलो. दार लोटलेलं होतं. आत सगळे गाढ झोपलेले. मी हाक मारली नाही, तसाच परत आलो. पाडवा आला तेव्हा साल ठरवायला सालगडी आपणहून वाड्यावर आला.

तेव्हा मंडळी, औंदाच्या पाडव्याला साल ठरवताना ज्वारीच्या पायलीबरोबर छपराचंही बोलून घ्या.